पिल्लाच्या पोटात आधी रुमाल कोण टाकतो?

पत्र थोडक्यात: शहापूर तालुक्यातल्या एका ताईंचं हजार पक्ष्यांचं शेड आहे. करारावर नाही, स्वतःचं. पिल्लं आणि खाद्य विकत आणायचं, तयार पक्षी आसनगाव-कल्याणकडच्या चिकनवाल्यांना द्यायचे. पती रोज लोकलने ठाण्याला नोकरीला जातात, त्यामुळे शेड ताई आणि त्यांचे दीर बघतात. गेल्या पावसाळ्यात गटारीचं गिऱ्हाईक धरून जूनमध्ये बॅच टाकली. १८व्या दिवसापासून पातळ शिट सुरू झाली, खालचं तूस भिजून चिखल झालं आणि बॅच निघेपर्यंत ७० पक्षी गेले. आता खाद्याच्या दुकानात येणारा विक्रेता म्हणतो, खाद्यात प्रोबायोटिक (चांगल्या जिवाणूंची पावडर) घाला, औषधाची गरजच उरणार नाही. पावडर ९०० रुपये किलो आहे. ताईंना हे पटतंय, कारण घोडबंदर रोडच्या दोन सोसायट्यांमध्ये 'अँटिबायोटिक-मुक्त चिकन' म्हणून चढ्या दराने विकायचा त्यांचा विचार आहे. दिरांचं म्हणणं, हे सगळं पैसे काढायचं काम. घालायचंच तर घरचं ताक पाण्यात घाला, आणि औषध बंद केलंत तर अर्धं शेड आडवं होईल. ताई विचारतात: प्रोबायोटिक सुरू करून औषधं बंद करू का?

ताई, तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि विक्रेत्याने ते एकमेकांना चिकटवून दिलेत. प्रोबायोटिक घालावं का? हो, जरूर घालून बघा. औषधं बंद करावी का? त्याआधी सांगा, कोणती औषधं?

शेडवर 'औषध' हा शब्द फार सैल वापरला जातो. पाण्यातून दिलेली लासोटा (मानमोडीची) किंवा गंबोरोची लस, खाद्यातलं कॉक्सिडिओस्टॅट (रक्ती हगवण रोखणारं औषध), आजार आल्यावरचं अँटिबायोटिक, लिव्हर टॉनिक, व्हिटॅमिन, पाण्यातलं ब्लीचिंग, सगळंच औषध. दीर घाबरतात ते बहुधा लस आणि कॉक्सिडिओस्टॅट बंद होईल म्हणून, आणि त्यांची भीती रास्त आहे. तुम्हाला बंद करायचंय ते अँटिबायोटिक. म्हणजे भांडण वाटतं तेवढं मोठं नाही.

लसीला पर्याय नाही. मानमोडी आणि गंबोरो हे विषाणूंचे रोग, त्यांना आतड्यातले जिवाणू अडवत नाहीत. बर्ड फ्लूलाही नाही. २०२२च्या फेब्रुवारीत तुमच्याच तालुक्यात तो येऊन गेला, म्हणून शेडच्या दारातला चुन्याचा पट्टा आणि बाहेरच्या चपला बाहेर ठेवायची शिस्त यांची जागा प्रोबायोटिक घेत नाही, हे लक्षात असू द्या. कॉक्सिडिओस्टॅटही चालूच ठेवा. कॉक्सिडिओसिस, आपली रक्ती हगवण, जिवाणूमुळे होत नाही. तिचा जंतू वेगळाच, एकपेशीय परजीवी. प्रोबायोटिकने आतड्याची हालत बरी राहते, पण त्या भरवशावर कॉक्सिडिओस्टॅट काढून टाकणं, तेही कोकणच्या पावसात, हा जुगार आहे.

बंद करण्यासारखं एकच आहे: पक्षी ठणठणीत असताना 'वाढ चांगली होते' किंवा 'आधीच दिलेलं बरं' म्हणून दिलेलं अँटिबायोटिक. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात घालायच्या अँटिबायोटिकवर १ जानेवारी २००६पासून बंदी आणली. आपल्याकडे कोलिस्टिन तर खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना आणि पक्ष्यांना द्यायला २०१९पासून पूर्ण बंदी आहे. शेडच्या फळीवर त्याचं एखादं जुनं पाकीट पडलं असेल तर ते आता वापरू नका.

आता ते ७० पक्षी. प्रोबायोटिक नव्हतं म्हणून ते गेले, असं तुम्ही गृहीत धरलंय. पत्रावरून तसं दिसत नाही. १८वा दिवस, पातळ शिट, भिजलेलं तूस, जुलैचा पाऊस: या चार गोष्टी एकत्र आल्या की पहिला संशय रक्ती हगवणीवर जातो. कॉक्सिडियाची अंडी शिटेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच रोग लावू शकत नाहीत. त्यांना ओल, हवा आणि २५ ते ३० अंशांची ऊब मिळाली की दोनेक दिवसांत ती पिकतात आणि मग पुढच्या पक्ष्याच्या पोटात जातात. शहापूरचा जुलै म्हणजे त्यांच्यासाठी उबवणी यंत्रच. या जंतूंनी आतड्याचं अस्तर फाडलं की तिथे क्लॉस्ट्रिडियम नावाचा जिवाणू माजतो आणि दुसरं दुखणं लागतं, नेक्रोटिक एन्टरायटिस. या दुसऱ्या दुखण्यात प्रोबायोटिकचा काही उपयोग होतो. पण सुरुवात तुसाच्या ओलीपासून झाली, पाकिटाच्या अभावाने नाही.

पुन्हा असं झालं तर अंदाज बांधत बसू नका. नुकते मेलेले किंवा मरायला टेकलेले दोन-तीन पक्षी त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि फाडून बघायला सांगा. आतड्याच्या टोकाच्या दोन आंधळ्या पिशव्यांत रक्त भरलं असेल तर रक्ती हगवण. लहान आतडं फुग्यासारखं फुगून आतलं अस्तर खरखरीत टॉवेलसारखं दिसलं तर क्लॉस्ट्रिडियम. दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्यावर पुढचे सगळे पैसे ठरतात.

घाबरण्याआधी एक गोष्ट मात्र पाहून घ्या. कोंबडीची नेहमीची शिट घट्ट, तपकिरी-करडी, वर पांढरी टोपी. पण दर आठ-दहा शिटांमागे एक चिकट, मोहरीच्या किंवा चॉकलेटच्या रंगाची, बिनटोपीची, उग्र वासाची पडते. ती त्या आंधळ्या पिशव्यांतली असते आणि निरोगी पक्ष्याचीच असते. ती पाहून कित्येक जण हगवण समजून औषध सुरू करतात. रात्री दहा-बारा पक्ष्यांखाली जुनं वर्तमानपत्र पसरा आणि सकाळी मोजा. टोपीवाल्या जास्त असतील तर झोपा निवांत.

मग प्रोबायोटिक नेमकं करतं काय? तुमच्या यजमानांना हे चटकन कळेल. आसनगावची गाडी फलाटाला लागली की आधी खिडकीतून रुमाल पडतो, माणूस मागाहून चढतो. पिल्लाच्या आतड्यात तोच प्रकार. घरच्या खुडूक कोंबडीखाली निघालेलं पिल्लू आईच्या शिटेतून, तिच्या पंखाखालून चांगले जिवाणू पहिल्याच दिवशी उचलतं. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला आई नाही, त्यामुळे त्याचं आतडं जवळजवळ रिकाम्या डब्यासारखं असतं आणि पहिले जे कोणी चढतील ते जागा धरतात. क्रेटमधले, ट्रेमधले, तुमच्या पाण्याच्या टाकीतले, कोणीही. १९७३मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रंताला यांनी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज दिवसाच्या पिल्लांना पाजून दाखवलं की अशा पिल्लांमध्ये साल्मोनेला सहजी घर करत नाही. प्रोबायोटिकचा सगळा धंदा त्या कल्पनेवर उभा आहे. जागा धरणं, आम्लं तयार करून आतड्याचा सामू उतरवणं, काहींचं पचनाला मदत करणारी एन्झाइम सोडणं, एवढंच त्याचं काम. आधीच गच्च भरलेल्या डब्यात रुमाल टाकून उपयोग नाही, म्हणून १८व्या दिवशी हगवण लागल्यावर सुरू केलेलं प्रोबायोटिक फारसं काही करत नाही. पहिल्या दिवशी सुरू करायचं.

पाकीट उलटून वाचा. मागे तीन गोष्टी छापलेल्या हव्यात: जिवाणूचं पूर्ण नाव, एका ग्रॅममध्ये ते किती (सीएफयू, म्हणजे जिवंत जिवाणूंचा आकडा, म्हणून लिहितात) आणि मुदत. नुसतं 'लॅक्टोबॅसिलस, यीस्ट, एन्झाइम, व्हिटॅमिन, मिनरल' अशी भेळ लिहून आकडा एकही नसेल तर ते पाकीट तिथेच ठेवा. विक्रेत्याला एवढंच विचारा: 'दर ग्रॅम सीएफयू किती, आणि टनाला किती ग्रॅम?' समजा पाकिटावर ग्रॅमला १०० कोटी लिहिलंय आणि मात्रा टनाला ५०० ग्रॅम आहे. म्हणजे एका ग्रॅम खाद्यात पाच लाख जिवाणू गेले. साधारण पाच-दहा लाखांच्या आसपास गणित बसत असेल तर विचार करण्यासारखं. हजार-दोन हजार बसत असेल तर तुम्ही मक्याचा भुसा विकत घेताय.

जात कोणती, हेही महत्त्वाचं. लॅक्टोबॅसिलस नाजूक. उष्णतेने मरतो, क्लोरीनने मरतो, उघड्या पाकिटात पावसाळी हवेने मरतो. त्याचं बहुतेक पाकीट फ्रीजमध्येच ठेवावं लागतं. बॅसिलस (सबटिलिस, लायकेनिफॉर्मिस, कोअॅग्युलन्स) बीजाणू धरून बसतो, खाद्याचे पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) करताना ८०-८५ अंशांची वाफही सोसतो. म्हणून खाद्यात बॅसिलस आणि पहिल्या आठवड्यात पाण्यातून लॅक्टोबॅसिलस, ही विभागणी सोयीची पडते. पण खाद्याच्या पोत्याचं लेबल आधी वाचा. तयार खाद्यात बऱ्याचदा बॅसिलस आधीच घातलेला असतो, मग वरून घालणं म्हणजे पिठल्यात दोनदा मीठ. आणि खाद्यातलं कॉक्सिडिओस्टॅट सॅलिनोमायसिन किंवा मदुरामायसिन असेल तर तुमचा बॅसिलस त्यासोबत टिकतो का, हे प्रोबायोटिक बनवणाऱ्याकडून लेखी घ्या. ही औषधं काही जिवाणूंनाही दाबतात.

पाण्यातून द्यायचं कसं, तिथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. भातसा-तानसाच्या काठावर राहूनही तुमच्याकडे मे-जूनमध्ये टँकर येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग असतं. पक्ष्याला प्यायला ते चांगलंच, ड्रिंकरपाशी ३ ते ५ पीपीएम (लिटरला तेवढे मिलिग्रॅम) क्लोरीन हवंच. पण त्याच पाण्यात प्रोबायोटिक टाकलं तर जिवाणू पोटात जायच्या आधीच संपतात. त्यासाठी एक ड्रम वेगळा ठेवा. पाणी आदल्या सकाळी उघड्या ड्रममध्ये भरून दिवसभर उन्हात ठेवा. ऊन नसेल तर लसीच्या वेळी करता तसं लिटरला २.५ ग्रॅम साय काढलेली दूध पावडर आधी घाला, पंधरा मिनिटं थांबा, मग प्रोबायोटिक. पहाटे ड्रिंकर उचलून तासभर पक्ष्यांना तहान लागू द्या (पहिल्या दिवशी हे करायचं नाही), आणि दोन-तीन तासांत संपेल एवढंच पाणी द्या. पहिल्या दिवशी हजार पिल्लं मिळून २५-३० लिटर पितात, म्हणजे एका वेळेला पाच-सहा लिटर पुरे. उरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत ठेवायचं नाही. लसीच्या दिवशी प्रोबायोटिक बाजूला ठेवा, नुसती लस द्या. अॅसिडिफायर (पाणी आंबट करणारं औषध) आणि ब्लीचिंगही त्या दिवशी नको.

खाद्यात मिसळताना पावडर थेट पोत्यावर भुरभुरवू नका. पेलेटवर ती बसत नाही, तळाला जाते आणि शेवटच्या पाच किलोत सगळी मात्रा गोळा होते. टनाला ५०० ग्रॅम म्हणजे ५० किलोच्या पोत्याला २५ ग्रॅम. ती २५ ग्रॅम १०० मिलि सोयाबीन तेलात कालवा, खाद्य ताडपत्रीवर पसरा आणि फावड्याने उलथत उलथत वरून शिंपडा. तेवढं खाद्य दोन दिवसांत संपवा, पावसात तेल लावलेलं खाद्य साठवायचं नाही. स्वतः मॅश दळत असाल तर सोपं: २५ ग्रॅम आधी एक किलो दळलेल्या मक्यात, ते दहा किलोत, मग पोत्यात. टप्पे गाळू नका. बॅसिलस आतड्यात कायमचा मुक्काम करत नाही. ब्रॉयलरच्या आतड्यातून खाद्य चार-सहा तासांत पुढे सरकतं, म्हणून रोज देत राहावं लागतं. आठवडाभर देऊन सोडलं तर फायदाही आठवड्याचाच.

मध्येच आजार आला आणि डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिलं तर ते पूर्ण मुदतीचं द्या. तीन-पाच दिवस जे काही सांगितलं असेल तितके दिवस प्रोबायोटिक थांबवा, कारण अँटिबायोटिक चांगला-वाईट ओळखत नाही. कोर्स संपला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाण्यातून पाच दिवस द्या. रिकाम्या डब्यात आधी चढायची ती दुसरी संधी.

दिरांच्या ताकाबद्दल. कल्पना चुकीची नाही, माध्यम चुकतं. ताकातले जिवाणू दुधात वाढायला तरबेज असतात, कोंबडीच्या आतड्यात टिकायला नाहीत. शिवाय कोंबडीला दुधातली साखर नीट पचत नाही, जास्त झालं की शिट आणखी पातळ होते. आणि निपलच्या पाइपात ताक गेलं की आत बुळबुळीत थर चढतो, तो घासूनही निघत नाही. घरच्या दहा गावठी कोंबड्यांना वाडग्यात ताक द्या, हरकत नाही. शेडच्या पाइपात नको.

तुसाचं काम प्रोबायोटिकच्या आधीचं आहे. मूठभर तूस घेऊन घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर जरासं धरून लगेच विस्कटलं तर बरोबर. लाडवासारखं राहिलं तर ओल जास्त, धूळ उडाली तर कोरडं. ड्रिंकरखालचं, पडद्याजवळचं आणि मधलं, असं तीन ठिकाणी रोज बघा. ड्रिंकरची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला हवी. ती खाली राहिली की पक्षी पाणी सांडतात आणि बाकी सगळ्यावर पाणी पडतं. लाडू झालेलं तूस उचलून बाहेर टाका, उलथून खाली दाबू नका. पाऊस आहे म्हणून सगळे पडदे बंद करून ठेवू नका, वरची फूटभर फट वाऱ्यासाठी ठेवा. शेडमध्ये गुडघ्यावर बसून श्वास घ्या. पक्षी त्याच उंचीवर जगतात. डोळे चुरचुरले तर अमोनिया जास्त आहे, आणि तेव्हा पाकिटापेक्षा फावडं जास्त कामाचं.

आता पैसे. हजार पक्षी बॅचला साधारण ३,३०० किलो खाद्य खातात. टनाला ५०० ग्रॅमप्रमाणे १.६५० किलो पावडर, म्हणजे १,४८५ रुपये, पक्ष्यामागे दीड रुपया. खाद्य ४० रुपये किलो धरलं तर पक्ष्यामागे ३७-३८ ग्रॅम खाद्य वाचलं की खर्च निघाला. दोन किलोच्या पक्ष्याला याचा अर्थ एफसीआर (किलोभर वजनाला लागणारं खाद्य) १.७०चा १.६८ व्हायला हवा. हे अशक्य नाही, पण आपोआपही होत नाही. स्वच्छ, कोरड्या शेडमध्ये फरक कमी दिसतो, कारण सुधारायला फारसं काही उरलेलंच नसतं. चिखल झालेल्या शेडमध्येही कमी, कारण तिथे झीज जास्त. मधल्या अवस्थेतल्या शेडला फायदा जास्त.

सोसायट्यांचं मात्र जपून. 'अँटिबायोटिक-मुक्त' हे शब्द पाकिटावरून येत नाहीत, बॅचच्या वहीवरून येतात. खाद्याच्या पोत्यात अँटिबायोटिक नाही याची खात्री, पिल्लाच्या दिवसापासूनच्या नोंदी, आणि एखादी बॅच आजारी पडली तर तिला औषध देऊन, औषधाचा अंश अंगातून जाईपर्यंतचा थांबण्याचा काळ पुरा करून, नेहमीच्या दुकानदाराला नेहमीच्या दराने देण्याची तयारी. नावासाठी आजारी पक्ष्याला औषध न देणं हा त्या पक्ष्यावरही अन्याय आणि गिऱ्हाइकावरही. कापून, पॅक करून विकणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागेलच. पहिल्या दोन बॅचमध्ये सोसायटीला काही कबूल करू नका. आणि श्रावणात घोडबंदरला चिकन घेऊन जाऊ नका, दर तर सोडाच, दारही उघडणार नाहीत.

त्या दोन बॅचमध्ये शेडच्या मधोमध जाळी बांधा. पाचशे इकडे, पाचशे तिकडे, एकाच गाडीची पिल्लं. एका बाजूला प्रोबायोटिक, दुसरीकडे नाही. बाकी खाद्य, लस, तूस, माणसं तीच. फेरी मारताना आधी बिनप्रोबायोटिकच्या बाजूला जा, मग दुसरीकडे, नाहीतर बुटांवरून जिवाणू तिकडेही पोचतात. दोन्ही बाजूंची पोती वेगळी मोजा, मेलेले पक्षी रोज वजनासकट लिहा. पुढच्या बॅचला बाजू बदला, कारण पश्चिमेकडच्या पडद्याला पावसाचा मारा जास्त बसतो आणि तो फरक प्रोबायोटिकच्या खात्यात जायला नको.

वजनकाटा दिरांच्या हातात द्या. ७व्या, २१व्या आणि ३५व्या दिवशी, सकाळी खाद्य टाकण्याआधी, प्रत्येक बाजूचे ५० पक्षी. पकडताना कोपऱ्यात जाळी लावून जे येतील ते सगळे तोलायचे, हाताला लागणारे जड-जड निवडायचे नाहीत. कुठल्या बाजूला पावडर आहे हे शक्य असेल तर त्यांना सांगूच नका.